आकाशातला वाटाड्या

कॉलेजात आलो त्या वर्षी शिष्यवृत्तीच्या अर्जाची तारीख माझी चुकली. सूचना फलकावर लागली होती. पण फलक रोज वाचायचा असतो हे सांगणारे घरात कोणी नव्हते. म्हणूनच की काय, औरंगपुऱ्यातल्या खोलीवर जे. आर. डी. टाटांचे चरित्र वाचताना माझे लक्ष त्यांच्या ऐश्वर्याकडे गेले नाही. त्यांना काय काय ठाऊक नव्हते, याचेच नवल वाटत राहिले.

त्यांचा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसचा. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिलेला तो पहिलाच. पुढच्या वर्षी भारत व इंग्लंड यांमधील उड्डाणाची स्पर्धा लागली. वाटेत इजिप्तमध्ये प्रतिस्पर्धी अस्पी इंजिनिअर स्पार्क प्लगवाचून अडकलेले दिसले. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचे प्लग त्यांना दिले आणि स्पर्धा हरले!

आज प्रत्येक उड्डाणापूर्वी वैमानिकाला सूचना मिळतात: कोणती धावपट्टी बंद, कोठे क्रेन उभी, कोठला दिवा विझलेला. त्यांना नोटॅम म्हणतात. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन एकटेच निघालेल्या जे. आर. डीं.जवळ यातले काही नव्हते. रेडिओसुद्धा नाही. अहमदाबादला पेट्रोल आले ते बैलगाडीतून. दुपारी ते जुहूला उतरले, आणि तेथून नेव्हिल व्हिन्सेंट टपाल घेऊन मद्रासकडे गेले. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई. मग विमाने पुण्याला, येरवड्याच्या मैदानावर उतरत. वाट अशी एकेक अडचण सोसून माहीत होत गेली. पुढे एअर इंडियाचे अध्यक्ष असतानाही विमानातली बारीकसारीक उणीव ते स्वतः टिपून संबंधितांना कळवीत.

२९ नोव्हेंबर १९९३ रोजी ते जिनिव्हात वारले. त्याच वर्षी २६ एप्रिलला आपल्या चिकलठाण्याहून उडणारे विमान धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावर कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला धडकले. ११८ पैकी ५५ माणसे गेली. विमान उशिरा उचलले गेले होते, आणि उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरची वाहतूकही थांबवलेली नव्हती.

माझे आजोबा तेव्हा कापसाच्या ट्रकवर हमाल होते. तो ट्रक त्यांचा नव्हता, पण रस्ता तोच. विमान केव्हा उडते, हे त्यांना कधी कोणी सांगितले नव्हते.