कमल रणदिवे
कमल जयसिंग रणदिवे (८ नोव्हेंबर १९१७ – २००१) या कर्करोग व कुष्ठरोग यांवर संशोधन करणाऱ्या भारतीय जीवशास्त्रज्ञ होत्या. मुंबईत ऊतकसंवर्धनाची प्रयोगशाळा त्यांनी उभारली. भारतीय स्त्री वैज्ञानिक संघटनेच्या त्या संस्थापक होत.

जीवन व शिक्षण

त्यांचा जन्म पुण्यात झाला. माहेरचे आडनाव समर्थ. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे, ही त्यांची इच्छा होती. हुजूरपागेत शालेय शिक्षण घेतल्यावर कमलताईंनी मात्र वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र निवडले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास करून १९४३ मध्ये त्यांनी एम.एस्सी. पदवी मिळवली. तत्पूर्वी १९३९ मध्ये त्यांचा विवाह गणिती जयसिंग रणदिवे यांच्याशी झाला होता. रोग्यावर उपचार करणारी डॉक्टर ती झाली नाही. पण वडिलांची इच्छा अगदीच वाया गेली, असेही म्हणता येत नाही.

कर्करोग संशोधन

विवाहानंतर त्या मुंबईस आल्या व टाटा स्मारक रुग्णालयात काम करू लागल्या. विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांना मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली. पुढे अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी ऊतकसंवर्धनाचे तंत्र आत्मसात केले. शरीराबाहेर, पोषक द्रवात पेशी जिवंत ठेवून वाढवण्याचे हे तंत्र. नवे औषध माणसाला देण्यापूर्वी त्याचा पेशींवर व प्राण्यांवर काय परिणाम होतो, हे त्या काळी पाहावेच लागे; रुग्णांवरील चाचणी ही त्यानंतरची पायरी. भारतात या आधीच्या पायऱ्या घडवण्याचे काम रणदिवे यांच्या वाट्याला आले.

परतल्यावर भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी प्रायोगिक जीवशास्त्राचे काम उभे केले. उंदरांच्या निरनिराळ्या वाणांवर प्रयोग करून त्यांनी स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकता, संप्रेरके व विषाणू यांच्याशी असलेला संबंध अभ्यासला. १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राच्या प्रभारी संचालक होत्या.

कुष्ठरोगावरील लस

बापट व खानोलकर यांच्यासह रणदिवे यांनी १९५८ मध्ये कुष्ठरुग्णाच्या गाठीतून मिळालेला एक जिवाणू प्रयोगशाळेत वाढवल्याचे प्रसिद्ध केले. केंद्राच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्यास आयसीआरसी जिवाणू म्हणतात. कुष्ठरोगाचा मूळ जिवाणू कृत्रिम माध्यमात वाढत नाही, त्यामुळे हा नेमका कोण, यावर पुढे वाद झाला. तो क्षयरोगाच्या जिवाणूचा दूरचा नातलग असलेल्या एका गटात मोडतो, असे नंतर दिसून आले. त्यापासून तयार केलेली लस मात्र उपयोगी ठरली. १९९१ पासून तमिळनाडूत झालेल्या एका मोठ्या चाचणीत सुमारे १,७१,४०० स्वयंसेवक सहभागी होते. कोणाला कोणती लस व कोणाला केवळ मिठाचे पाणी, हे टोचून घेणाऱ्यास आणि तपासणाऱ्यासही ठाऊक नव्हते. त्या चाचणीत या लसीचे संरक्षण ६५.५ टक्के आढळले, बीसीजीचे ३४.१ टक्के. पेशींच्या ताटलीपासून गावोगावच्या माणसांपर्यंतच्या या प्रवासाला तीन दशकांहून अधिक काळ लागला.

सामाजिक कार्य

१९७३ मध्ये स्थापन झालेल्या स्त्री वैज्ञानिक संघटनेद्वारे त्यांनी प्रयोगशाळेबाहेरही काम केले. पुणे जिल्ह्यातील जुन्नरच्या उत्तरेस लागून असलेल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाची त्यांनी पाहणी केली. राजूर परिसरातील स्त्रियांना आरोग्य सहायिका म्हणून प्रशिक्षण देण्याच्या कामातही त्यांचा वाटा होता. डोंगरी वाड्यांवरच्या मुलांची वजने नोंदणे, हे काम उंदरांच्या पिंजऱ्याइतकेच चिकाटीचे होते.

सन्मान

कुष्ठरोगाच्या जिवाणूवरील संशोधनासाठी त्यांना १९६४ मध्ये वाटुमल प्रतिष्ठानचे पारितोषिक मिळाले. भारत सरकारने १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले.