भाल्याचे कुलचिन्ह : शेक्सपिअरच्या चरित्रातील एक प्रकरण

आगरकरांच्या ‘विकारविलसित’पासून आणि देवलांच्या ‘झुंझारराव’पासून मराठी वाचकाचा शेक्सपिअरशी जो परिचय आहे, तो नाटककाराचा आहे. शेक्सपिअर या गृहस्थाविषयी फार थोडे लेखी पुरावे उरले आहेत, आणि ते बहुतांशी चर्चची नोंदपुस्तके, मिळकतीचे दस्तऐवज व न्यायालयीन कागद यांच्या स्वरूपाचे आहेत. या तुटपुंज्या सामग्रीत त्याच्या घराण्याच्या कुलचिन्हासंबंधीचे कागद वेगळे उठून दिसतात. त्यांच्या आधारे त्याच्या आयुष्याकडे पाहण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. इंग्लंडमध्ये कुलचिन्ह आडनावाला मिळत नाही. ते विशिष्ट व्यक्तीला व तिच्या वंशजांना मिळते. एकच आडनाव लावणाऱ्या दोन घराण्यांपैकी एकाजवळ चिन्ह असेल, दुसऱ्याजवळ नसेल. हे चिन्ह देण्याचा अधिकार राजसत्तेच्या वतीने लंडनच्या ‘कॉलेज ऑफ आर्म्स’ या संस्थेतील अधिकारी बजावत. 1484 साली स्थापन झालेल्या या संस्थेकडून चिन्ह मिळणे म्हणजे ‘जंटलमन’ या दर्जाला अधिकृत मान्यता मिळणे होय.

विल्यमचा बाप्तिस्मा 26 एप्रिल 1564 रोजी स्ट्रॅटफर्ड येथे झाला. वडील जॉन हातमोजे करणारे कारागीर होते. आई मेरी ही विल्मकोटच्या आर्डन घराण्यातली. जॉन यांचा नगरसभेत उत्कर्ष होत गेला आणि 1568 साली ते नगराचे ‘बेलिफ’, म्हणजे प्रमुख, झाले. या प्रतिष्ठेच्या बळावर त्यांनी कुलचिन्हासाठी खटपट केली होती, असे पुढील कागदांवरून दिसते. परंतु 1576 नंतर दैव फिरले. ते सभेला येईनासे झाले. 1578 साली पत्नीची वडिलार्जित जमीन गहाण पडली, आणि 1586 साली त्यांच्या जागी दुसरा सभासद नेमण्यात आला. कुलचिन्हाची गोष्ट मागेच राहिली.

या पडत्या काळातच विल्यमचा संसार सुरू झाला. 1582 मध्ये अ‍ॅन हॅथवेशी विवाह, 1583 मध्ये सुझॅना, आणि 1585 मध्ये हॅम्नेट व जुडिथ ही जुळी मुले. 1592 पर्यंत लंडनच्या रंगभूमीवर त्याचे नाव झाले होते, आणि 1594 पासून तो लॉर्ड चेंबरलेन यांच्या नाटक मंडळीत होता. मात्र नटाचा व्यवसाय प्रतिष्ठेचा नव्हता. एखाद्या उमरावाचा आश्रय नसेल, तर 1572 च्या कायद्यानुसार नटाची गणना भटक्यांत होत असे.

1596 चे वर्ष या दृष्टीने निर्णायक ठरते. 11 ऑगस्टला अकरा वर्षांच्या हॅम्नेटचे दफन झाले. विल्यमचा हा एकुलता एक मुलगा. त्यानंतर अवघ्या दहा आठवड्यांनी, 20 ऑक्टोबरला, ‘गार्टर’ या प्रमुख पदावरील अधिकारी विल्यम डेथिक यांनी जॉन शेक्सपिअर व त्यांच्या वंशजांना कुलचिन्ह दिल्याचा मसुदा तयार झाला. अर्ज वडिलांच्या नावाचा असला, तरी त्यामागचा पैसा व प्रयत्न मुलाचा असावा, असे अभ्यासक मानतात. वंशजांसाठी मागितलेला मान हाती आला, तेव्हा मागणाऱ्याचा वारस गेला होता.

चिन्ह साधे आहे. सोनेरी ढालीवर काळा तिरपा पट्टा, पट्ट्यावर सोनेरी भाला, आणि भाल्याचे टोक पोलादी. वर पंख पसरलेला रुपेरी ससाणा, त्याच्या पंजात भाला. आडनावातील ‘भाला परजणे’ हा अर्थ येथे चित्ररूप झाला आहे. नावावर कोटी करणारी अशी चिन्हे त्या काळी रूढच होती. रंगारंगांत शौर्य, औदार्य असे गुण शोधण्याची पद्धत बरीचशी नंतरच्या ग्रंथकारांची असून या मसुद्यांत तशा अर्थाला आधार नाही. मसुद्यावर एक फ्रेंच ब्रीदही आहे. हा मान हक्कावाचून नाही, असा त्याचा आशय. लेखनिकाने आधी चुकून नकारापुढे स्वल्पविराम दिला, त्यामुळे हक्क नसल्याने अर्ज फेटाळला असा उलटा अर्थ निघू लागला, आणि तो मजकूर खोडावा लागला.

हक्काचा हा प्रश्न पुढेही सुटला नाही. 1597 मध्ये विल्यमने स्ट्रॅटफर्डमधील ‘न्यू प्लेस’ हे मोठे घर घेतले. 1599 मध्ये आईकडील आर्डन घराण्याचे चिन्ह आपल्या ढालीत जोडण्याचा प्रयत्न झाला, पण ते जोडचिन्ह प्रत्यक्ष वापरल्याचे आढळत नाही. त्याच सुमारास बेन जॉन्सनने आपल्या नाटकात पैसे मोजून कुलचिन्ह मिळविणाऱ्या गावंढळाची थट्टा केली. तो रोख शेक्सपिअरवर होता, असे अनेकांचे मत आहे. 1601 मध्ये जॉन वारले. 1602 मध्ये राल्फ ब्रुक या अधिकाऱ्याने डेथिक यांनी अपात्रांना चिन्हे दिल्याचा आरोप केला. त्या यादीत शेक्सपिअरचे नाव होते, आणि त्याचा उल्लेख नट असाच होता. डेथिक व विल्यम कॅम्डेन यांनी उत्तर देताना जॉन यांची नगरातील पदे, ऐपत व आर्डन घराण्याशी झालेला विवाह पुढे केला. नटाच्या कर्तृत्वाचा त्यात आधार घेतला नाही. 2016 मध्ये फोल्जर ग्रंथालयातील हेदर वुल्फ यांनी पुढे आणलेल्या त्या काळच्या नोंदींतही हे चिन्ह नट शेक्सपिअरचे म्हणून ओळखले गेल्याचे दिसते. वडिलांच्या नावाने घेतलेला मान लोकांनी मुलाच्याच नावे मांडला होता.

23 एप्रिल 1616 रोजी शेक्सपिअर वारला. मृत्युपत्रात त्याने मिळकतीचा मोठा भाग सुझॅनाला व पुढे तिच्या पुरुष वारसांना लावून दिला. त्याचे तिन्ही भाऊ आधीच गेले होते. जुडिथने पहिल्या मुलाचे नावच शेक्सपिअर ठेवले, पण तो 1617 मध्ये तान्हेपणीच गेला. तिचे उरलेले दोन मुलगे 1639 मध्ये वारले. सुझॅनाची मुलगी एलिझाबेथ 1670 मध्ये निपुत्रिक मरण पावली आणि विल्यमचा वंश खुंटला. बहीण जोन हिचा वंश पुढे चालला, पण हार्ट या आडनावाने.

स्ट्रॅटफर्डच्या चर्चमध्ये त्याच्या स्मारकाच्या माथ्यावर ती ढाल आजही आहे. ज्या वंशासाठी ती मिळविली, तो उरला नाही. ज्या व्यवसायामुळे तिच्यावर आक्षेप आला, त्याच्याच बळावर ते आडनाव मात्र जगाच्या तोंडी राहिले. कुलचिन्हाचा अर्थ केवळ त्याच्या आकृतीत शोधून भागत नाही, हे या चरित्रावरून ध्यानी येते. तो अर्थ चिन्ह मागणाऱ्याच्या गरजेत आणि ते नाकारू पाहणाऱ्या समाजाच्या आक्षेपातही शोधावा लागतो.