सावित्रीबाई आणि मुलींचे मैदान

जुन्नर, ओतूर, मंचर येथील महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत, ते २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांच्या नावाने ओळखले जाते. विद्यार्थिनींच्या आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धाही याच नावाच्या छत्राखाली होतात. हे नाते केवळ प्रमाणपत्रावरील शिक्क्यापुरते आहे की त्याहून खोल आहे, या प्रश्नाचे उत्तर सावित्रीबाईंच्या चरित्रातच शोधावे लागेल.

३ जानेवारी १८३१ रोजी नायगाव येथे जन्मलेल्या सावित्रीबाईंना अक्षरओळख झाली ती विवाहानंतर, जोतीरावांच्या घरी. १८४८ साली पुण्यातील भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली आणि त्या शिक्षिका झाल्या. शाळेच्या वाटेवर त्यांच्यावर शेण, चिखल आणि खडे फेकले जात. म्हणून त्या एक जादा लुगडे जवळ बाळगीत, ही हकीकत सर्वश्रुत आहे. या विरोधाचे मूळ मात्र पुरेसे ध्यानात घेतले जात नाही. स्त्रीने अक्षरे गिरवावीत याचा जितका संताप होता, तितकाच तिने ठरल्या वेळी, आपल्या कामासाठी, भर रस्त्याने चालत जावे याचाही होता. शाळेचा उंबरठा ओलांडण्यापूर्वी सावित्रीबाईंना रस्ता जिंकावा लागला.

पुढे फुले दांपत्याच्या शाळांतील मुलींच्या परीक्षा जाहीरपणे, लोकांच्या गर्दीसमोर घेण्यात आल्या. मुलींनी आपले कौशल्य चारचौघांत दाखवावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. बास्केटबॉलचा जन्म १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेत झाला. १८९३ साली तेथील स्मिथ कॉलेजात मुलींचा पहिला सामना झाला, तो पुरुषांना मज्जाव करून. १८९६ साली स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया या विद्यापीठांच्या मुली परस्परांशी खेळल्या, तेव्हाही पुरुष प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. प्रगत म्हणविणाऱ्या देशात मुलींचा खेळ बंद दाराआड चालत असताना पुण्यात मुलींच्या जाहीर परीक्षा होऊन चार दशके लोटली होती.

जुन्नर तालुक्याशी सावित्रीबाईंचा संबंध तर प्रत्यक्ष आहे. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात त्या सत्यशोधक कार्यकर्त्यांसह या भागात मदतकार्यात होत्या. २० एप्रिल १८७७ रोजी ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी लोकांची अन्नान्नदशा आणि सावकारांची पिळवणूक यांचे वर्णन केले आहे. कार्यकर्त्यांवर बालंट आले, तेव्हा त्यांची बाजू सावित्रीबाईंनी थेट कलेक्टरांपुढे मांडली. पतीच्या सावलीत वावरणाऱ्या स्त्रीचे हे वर्तन नव्हे. स्वतः निर्णय घेणाऱ्या नेत्याचे आहे.

१८९० साली जोतीरावांच्या अंत्ययात्रेत टिटवे हाती घेऊन त्या पुढे चालल्या. १८९३ साली सासवडच्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषविले. १८९७ च्या प्लेगात एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात पोहोचविले. त्यातच प्लेगची लागण होऊन १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. वयाच्या सहासष्टाव्या वर्षीही त्यांनी आपले शरीर इतरांच्या कामी झिजविले.

हे चरित्र जयंतीच्या हारापुरते ठेवायचे नसेल, तर त्याचा अर्थ मैदानावर उतरला पाहिजे. कबड्डी आणि खो-खो मातीवर खेळता येतात. बास्केटबॉलला अठ्ठावीस मीटर लांबीचे टणक मैदान आणि दहा फूट उंचीवरील कडे लागते. त्याहूनही अवघड गोष्ट वेळेची आहे. आंबेगाव व जुन्नरच्या पश्चिमेकडील डोंगरी वस्त्यांतील मुलीला सरावाची वेळ आणि गावी जाणाऱ्या शेवटच्या एस.टी.ची वेळ यांतून एकच निवडावी लागत असेल, तर अजिंक्यपदाची स्पर्धा सुरू होण्यापूर्वीच ती स्पर्धेबाहेर पडते. सरावाची वेळ बसच्या वेळेशी जुळविणे, वसतिगृहात जागा देणे, प्रशिक्षिका नेमणे आणि घरच्यांची समजूत घालणे ही कामे लहान दिसतात. परंतु तिचा रस्ता मोकळा करणारी हीच कामे आहेत. सावित्रीबाईंचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाने आणि महाविद्यालयांनी करंडकांबरोबर हेही मोजावे की, किती मुली मैदानापर्यंत पोहोचल्या आणि किती अर्ध्या वाटेवरून परतल्या.