कोकण किनाऱ्यावरील फ्रायर जॉर्डेनस

मिरजोळ्याहून रत्नागिरीस गेले म्हणजे मिरकरवाड्याच्या बंदरात मुसलमान तांडेलांच्या होड्या दृष्टीस पडतात. त्या लोकांशी आपला मासळीचा व बाजाराचा व्यवहार नित्याचा आहे. परंतु धर्माची गोष्ट निघाली की कोणत्या शब्दांनी बोलावे हे आपल्यातील पुष्कळांस उमजत नाही. हीच अडचण सुमारे ७०० वर्षांपूर्वी, ह्याच किनाऱ्यावर उत्तरेस ठाणे येथे, पाच परदेशी उपदेशकांपुढे उभी राहिली. त्यांपैकी चौघे प्राणांस मुकले. पाचवा जो उरला तोच फ्रायर जॉर्डेनस होय.

त्याचा काळ कसा होता हे प्रथम सांगणे अवश्य आहे. सन १०९५ मध्ये पोप दुसरा अर्बन ह्याने यरुशलेम मुसलमानांपासून सोडविण्यासाठी यूरोपातील राजेरजवाड्यांस हाक दिली, आणि अंगावर क्रुसाचे चिन्ह लावून सैन्ये निघाली. १०९९ मध्ये ते नगर त्यांच्या हाती आले. त्या दिवशी तेथील रहिवाशांची जी कत्तल झाली ती क्रुसाच्या नावाला मोठा कलंक आहे. ११८७ मध्ये सुलतान सलाहुद्दीनाने नगर परत घेतले, आणि १२९१ मध्ये अक्को पडल्यावर त्या देशातील ख्रिस्ती राज्य संपले. ही युद्धे चालू असतानाही व्हेनिस व जिनोव्हा येथील व्यापारी अलेक्झांड्रियात मुसलमानांकडून मिरी विकत घेत होते. अरबी वैद्यकाचे ग्रंथ लॅटिनमध्ये उतरत होते. आपल्या देशातील अंकसुद्धा अरबांच्या हातूनच यूरोपास पोहोचले. १२१९ मध्ये तर असिसीचा फ्रान्सिस हा गरीब भिक्षू, मिसर देशात दोन्ही सैन्ये समोरासमोर असताना, शस्त्रावाचून सुलतान कामिलच्या छावणीत गेला. सुलतानाने त्याचे म्हणणे ऐकून घेतले व त्याला सुखरूप परत पाठविले.

जॉर्डेनस हा फ्रान्सच्या दक्षिणेकडील सेव्हेराक गावचा. तो डोमिनिकन पंथाचा भिक्षू असून इराणातील मिशनात राहून फारसी शिकला होता. सुमारे १३२१ मध्ये होर्मूझ बंदरातून तो हिंदुस्थानास निघाला. बरोबर फ्रान्सिसच्या पंथाचे चौघे होते: तोलेंतिनोचा वृद्ध थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री. त्यांस मलबारातील कोल्लम येथे जावयाचे होते, परंतु जहाज ठाण्यास लागले. तेथे नेस्टोरियन ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती. ती घरे मुसलमानी अंमलाखाली शांतपणे नांदत होती, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्यांतल्याच एका घरी हे पाचजण उतरले. भडोचकडील ख्रिस्ती लोकांस शिक्षण हवे आहे असे कळल्यावरून जॉर्डेनस तिकडे गेला, आणि म्हणूनच तो वाचला.

तो गेल्यावर घरधन्याचे व त्याच्या बायकोचे भांडण झाले. मार खाल्लेली बायको काजीकडे फिर्याद घेऊन गेली व साक्षीदार म्हणून पाहुण्यांची नावे सांगून बसली. घरगुती तंटा तो केवढा, आणि त्यातून निघाले काय! काजीने तिघांस बोलाविले. पीटर सामान राखीत घरी राहिला. प्रथम ख्रिस्ताविषयी वाद झाला आणि तो निभावला. मग महंमदाविषयी त्यांचे मत काय, असे विचारण्यात आले. थॉमसने बराच वेळ उत्तर टाळले. शेवटी फार आग्रह झाल्यावर त्याने पैगंबरास अतिशय कठोर शब्द लाविले. सभा खवळली. तरी शहराच्या मलिकाने त्यांस निघून जावयास सांगून खाडीपलीकडे पोहोचविले होते. परंतु काजीने त्याचे मन फिरविले, आणि रात्री माणसे पाठवून त्यांस ठार मारण्यात आले. दोन दिवसांनी पीटरचीही तीच गत झाली. हे एप्रिल १३२१ मध्ये घडले.

त्यांचे धैर्य मोठे होते, ह्याविषयी शंका नाही. तथापि आपल्या प्रभूची साक्ष देण्यासाठी दुसऱ्याच्या पैगंबराची निंदा करावी लागते काय, हा प्रश्न राहतोच. पेत्राच्या पत्रात उत्तर सौम्यतेने देण्याविषयी जे सांगितले आहे ते थॉमसला ठाऊक नव्हते असे नाही. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पुढे लवकरच ठाण्यास आलेला प्रवासी ओडोरिक लिहितो की, दिल्लीच्या बादशहास हे वर्तमान कळताच त्याने निरपराधांस मारल्याबद्दल मलिकास देहदंड दिला. न्याय करणाराही मुसलमानच होता.

जॉर्डेनसला ही वार्ता वाटेत कळली. त्याने परत येऊन मित्रांची प्रेते सोपाऱ्यास नेऊन पुरली. (त्यांच्या अस्थी पुढे ओडोरिकने चीनपर्यंत नेल्या.) आता तो एकटाच उरला. त्या ऑक्टोबरात त्याने इराणातील बांधवांस पत्र लिहिले. त्यात भडोचास सुमारे ९०, त्यानंतर आणखी २० हून अधिक, आणि ठाणे व सोपारा ह्यांच्या दरम्यान ३५ जणांचा बाप्तिस्मा झाल्याचे कळविले आहे. १३२४ च्या जानेवारीतले दुसरे पत्र ठाण्याहूनच गेले. तुरुंग, मारहाण व आजार ह्यांनी तो खंगला होता. तरी सोबत्यांचा ज्या गावी वध झाला ते गाव त्याने सोडले नाही.

मग तो यूरोपास परत गेला व आपण पाहिलेल्या आश्चर्यांविषयी लॅटिन भाषेत एक लहान पुस्तक लिहिले. आपल्या कोकणच्या माणसाने ते अवश्य वाचावे. आंब्याची गोडी, एका फणसात पाचजणांचे पोट भरते ही मौज, काथ्याने शिवलेली बिनखिळ्यांची गलबते, पारशांची प्रेते उघड्यावर ठेवण्याची रीत, हे सारे त्यात आहे. नारळाला तो नारगील म्हणतो. हा शब्द त्याने ज्यांच्या छळाने तो गांजला त्यांच्याच भाषेतून घेतला. येथील लोक खाण्यापिण्यात स्वच्छ, बोलण्यात खरे व न्यायाने वागणारे आहेत, असेही त्याने लिहून ठेविले. इतका छळ सोसलेल्या परक्याने इतके चांगले लिहावे, हे थोडे नव्हे.

परंतु आपल्या पत्रांत त्याने आणखी एक गोष्ट लिहिली. पोपने ह्या समुद्रात दोन लढाऊ गलबते ठेविली तर मिसरच्या सुलतानाचे केवढे नुकसान होईल, असे त्याने सुचविले. बोधाने माणसे मिळविलेल्या ह्या मनुष्याच्या अंतःकरणात क्रुसेडचा अग्नी विझला नव्हता. गलबते त्याच्या हयातीत आली नाहीत. ती आली सुमारे १८० वर्षांनी. डिसेंबर १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज विसरई आल्मेदा मिसरच्या आरमाराचा समाचार घ्यावयास निघाला असता त्याने वाटेत आपल्या जिल्ह्यातील दाभोळ लुटून जाळले. बायका, मुले, कोणीही वाचले नाही. ३ फेब्रुवारी १५०९ रोजी दीवपाशी मिसरचे आरमार बुडाले. दाभोळच्या लोकांनी ख्रिस्ती मनुष्य प्रथम पाहिला असेल तो ह्या रूपात.

जॉर्डेनसला मात्र पोप बाविसावा जॉन ह्याने गलबते दिली नाहीत. २१ ऑगस्ट १३२९ रोजी त्याला कोल्लमचा बिशप नेमिले, आणि तेथील ख्रिस्ती लोकांस देण्यासाठी पत्रे हाती दिली. पुढच्या वर्षी तो ती घेऊन पूर्वेकडे निघाला. सुमारे वीस वर्षांनी मारिन्योली नावाचा पोपचा वकील चीनहून परतताना कोल्लमास उतरला, तेव्हा तेथे लॅटिन मंडळीचे एक मंदिर उभे होते. तो त्या लोकांत एक वर्षाहून अधिक काळ राहिला व त्याने मंदिराच्या भिंती चित्रांनी सजविल्या.