लोखंडाच्या शोधात

मुलांनो, चंद्रपूर आणि गडचिरोली हे जंगलांचे जिल्हे तुम्ही नकाशात पाहिले असतील. १९८२ पर्यंत हा सारा प्रदेश एकाच जिल्ह्यात होता. त्या जिल्ह्याला पूर्वी चांदा म्हणत. तेथील लोहारा गावाजवळ लोहखनिज आहे, हे जमशेदजी टाटांनी १८८२ साली एका अहवालात वाचले. आपल्या देशात पोलादाचा कारखाना काढावा, असे त्यांच्या मनाने घेतले.

त्याच वर्षी त्यांचे थोरले चिरंजीव दोराबजी मुंबईत बी. ए. झाले. वडिलांची नागपूरला मोठी कापडगिरणी होती. तरी दोराबजी दोन वर्षे एका वर्तमानपत्रात काम करत होते. १८८४ साली वडिलांनी त्यांना व्यवसायात घेतले. पण घेतल्याबरोबर मोठी खुर्ची दिली नाही. पाँडिचेरीला गिरणी चालेल का, हे पाहायला पाठवले. मग नागपूरच्या गिरणीत काम शिकायला ठेवले. केवढा हा शहाणपणा!

सरकारी नियमांमुळे पोलादाचे काम मात्र बरीच वर्षे रखडले. अखेर १९०४ साली दोराबजी अमेरिकन तज्ज्ञ वेल्ड यांच्याबरोबर चांद्याच्या जंगलात आले. केंब्रिजला शिकलेला हा माणूस बैलगाडीतून रान तुडवत होता. वाघांचे भय होतेच. चांगले पाणी मिळेना, म्हणून चहासुद्धा सोडावॉटरचा करावा लागे. एवढे करून हाती काय आले? खनिज चांगले होते, पण मोठ्या कारखान्याला पुरेल इतके नव्हते. वरोऱ्याचा कोळसाही भट्टीच्या कामाचा नव्हता.

शोध थांबवतो, हे सांगायला दोराबजी नागपूरला गेले. अधिकाऱ्याची वाट पाहताना ते सहज संग्रहालयात शिरले. तेथील एका नकाशावर दुर्ग जिल्ह्यात लोहखनिजाची खूण दिसली आणि त्यांनी थांबण्याचा विचार सोडला. दुर्गला खनिज भरपूर होते, पण जवळ योग्य कोळसा नव्हता. पुढे मयूरभंजचे खनिज मिळाले आणि साकचीला कारखाना उभा राहिला. १९१२ साली तेथे पहिले पोलाद निघाले. ते पाहायला जमशेदजी नव्हते. १९०४ च्या मे महिन्यातच जर्मनीत त्यांचे निधन झाले होते.

१९२४ साली कारखाना बंद पडण्याची वेळ आली. पगारालाही पैसे उरले नाहीत. वडिलांचे हे काम दोराबजींनी सोडून दिले असते, तर कोण काय म्हणणार होते? त्यांनी आपली सारी मालमत्ता, पत्नी मेहरबाईंच्या दागिन्यांसह, बँकेत गहाण ठेवली. कर्ज मिळाले, पगार झाले, भट्ट्या पेटत राहिल्या.