लहान-मोठं ठरवणारा माणूस : थॉमस हॅरियट

गणित-विज्ञानातल्या मोठ्या माणसांच्या गोष्टी आपल्याला साधारण पाठ असतात. न्यूटन म्हटलं की सफरचंद, आर्किमिडीज म्हटलं की बाथटब, रामानुजन म्हटलं की टॅक्सीचा नंबर. पण ज्या माणसाची खूण आपण दिवसातून पन्नास वेळा कागदावर काढतो, त्याचं नाव मात्र कुणाला माहीत नसतं. मी ‘<’ आणि ‘>’ या चिन्हांबद्दल बोलतोय. सी प्रोग्रॅममधला फॉर लूप असो, मशीन डिझाइनमधला सेफ स्ट्रेस असो की अकरावीची असमता, या दोन चिन्हांशिवाय पान हलत नाही. ही चिन्हं कुणाची, असं मी होस्टेलच्या आमच्या मजल्यावर सगळ्यांना विचारून पाहिलं. उत्तरं आली : न्यूटन, ऑयलर, आणि एकाने तर बिल गेट्स!

खरं उत्तर आहे थॉमस हॅरियट. हे नाव आपल्या सिलॅबसमध्ये कुठेच येत नाही. ते का येत नाही, ही गोष्ट मला त्याच्या गणिताइतकीच महत्त्वाची वाटली, म्हणून हा लेखनप्रपंच.

हॅरियटचा जन्म १५६० च्या सुमाराचा, इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डचा. घरची परिस्थिती बेताचीच असावी, कारण १५७७ साली विद्यापीठाच्या वहीत त्याच्या वडिलांची नोंद सामान्य माणूस अशी झालेली आहे. १५८० मध्ये पदवी घेऊन तो लंडनला आला आणि सर वॉल्टर रॅले या बड्या दरबारी माणसाकडे नोकरीला लागला. काम काय, तर रॅलेच्या खलाशांना नौकानयनाचं गणित शिकवायचं. सूर्य आणि तारे बघून भर समुद्रात आपण कुठे आहोत हे काढायचं, नकाशे सुधारायचे. म्हणजे आजच्या भाषेत बोलायचं तर कंपनीचा टेक्निकल ट्रेनर.

रॅलेला अमेरिकेत वसाहत करायची होती. १५८४ मध्ये त्याच्या माणसांनी तिकडच्या मॅन्टिओ आणि वॉनचीझ या दोन स्थानिकांना लंडनला आणलं. हॅरियट त्यांच्याकडून त्यांची भाषा शिकला आणि तिचे उच्चार लिहिण्यासाठी त्याने चक्क नवीन लिपी तयार केली. पुढच्याच वर्षी तो स्वतः जहाजात बसून रोआनोक बेटावर गेला. ते बेट आजच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात येतं. तिथे तो जवळजवळ वर्षभर राहिला. १५८६ मध्ये ड्रेकच्या जहाजांवरून सगळे घाईघाईने परत निघाले तेव्हा वादळ चालू होतं. ओझं कमी करायला खलाशांनी तुकडीचे बरेच नकाशे आणि लिखाण समुद्रात टाकून दिलं. परत आल्यावर १५८८ मध्ये हॅरियटने त्या प्रदेशावर एक छोटं पुस्तक काढलं. तो जिवंत असताना छापलेलं त्याचं हे एकमेव पुस्तक. लक्षात ठेवा, ‘एकमेव’.

यानंतरच्या तीस वर्षांत या माणसाने काय काय केलं याची यादी वाचून मी तर गारच पडलो. जहाजाच्या डेकवर तोफगोळे कसे रचावेत, असं रॅलेने विचारलं म्हणून त्याने गोलांच्या रचनेचं गणित मांडलं. हा धागा पुढे केप्लरपर्यंत गेला. केप्लरने १६११ मध्ये मांडलेल्या त्या अंदाजाची सिद्धता १९९८ मध्ये थॉमस हेल्सने जाहीर केली. प्रकाशाच्या अपवर्तनाचा साइनचा नियम आपण स्नेलच्या नावाने शिकतो. तो हॅरियटने १६०२ च्या आसपासच शोधला होता, स्नेलच्या जवळपास वीस वर्षं आधी. केप्लरने त्याला पत्र पाठवून अपवर्तनाबद्दल विचारलं, तर याने आकड्यांचा तक्ता पाठवला आणि नियम स्वतःकडेच ठेवला! १६०९ च्या जुलै महिन्यात त्याने दुर्बिणीतून चंद्र बघून त्याचं चित्र काढलं. गॅलिलिओने चंद्राकडे दुर्बीण लावली ती त्यानंतर काही महिन्यांनी. पण गॅलिलिओने १६१० च्या मार्चमध्ये पुस्तक छापलं आणि हॅरियटचं चित्र कागदांच्या गठ्ठ्यात राहिलं. बाकी मग इतिहास आहे.

आता आपल्या मूळ विषयाकडे, म्हणजे वर्गसमीकरण आणि असमतेकडे येऊ.

त्या काळात बीजगणित बरंचसं शब्दांत लिहायचे. ‘बरोबर’चं चिन्ह रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ मध्ये छापलं होतं, पण ते अजून रुळलेलं नव्हतं. लहान-मोठं दाखवायला तर सरळ शब्दच लिहावे लागत. हॅरियटने बीजगणितातून शब्द जवळजवळ हद्दपार केले. अज्ञात संख्येला तो छोटं ‘ए’ अक्षर वापरायचा, तिच्या वर्गाला दोन ‘ए’ शेजारी शेजारी, घनाला तीन. त्याची सगळ्यात मोठी युक्ती मात्र वेगळीच. समीकरण हे कंसांच्या गुणाकारातून तयार होतं, हे त्याने पद्धतशीर मांडलं. गुणाकार शून्य असेल तर एक तरी कंस शून्य असलाच पाहिजे, म्हणजे उकली कंसातच बसलेल्या असतात. आज हे आपल्याला इतकं सरळ वाटतं की हेही कुणीतरी शोधून काढलं असेल असं मनातसुद्धा येत नाही.

गंमत अशी की वर्ग असमता सोडवायला नेमक्या याच दोन गोष्टी लागतात, कंस आणि चिन्ह. आमच्या मेसच्या काकूंचा मुलगा अकरावीला आहे, त्याला मी अधूनमधून गणित सांगतो. त्याच्या वर्गातल्या बहुतेकांचं गाडं जिथे अडतं तेच उदाहरण घेऊ.

एक चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने सरळ वर फेकला. गुरुत्वत्वरण १० धरलं, तर क्ष सेकंदांनी त्याची उंची २०क्ष − ५क्ष² मीटर. प्रश्न असा, की तो १५ मीटरच्या वर किती वेळ राहील? म्हणजे

२०क्ष − ५क्ष² > १५

सगळं एका बाजूला आणलं आणि −५ ने भागलं. ऋण संख्येने भागलं की चिन्ह उलटं होतं, हे विसरायचं नाही. उरलं

क्ष² − ४क्ष + ३ < ०, म्हणजेच (क्ष − १)(क्ष − ३) < ०

इथे समीकरणाच्या सवयीने पोरं काय लिहितात, तर क्ष < १ किंवा क्ष < ३. आता क्ष = ० ठेवून बघा. चेंडू अजून हातातच आहे, तो १५ मीटरच्या वर कसा असेल? खरा विचार असा करायचा. गुणाकार ऋण यायला एक कंस धन आणि दुसरा ऋण पाहिजे. क्ष जर १ पेक्षा लहान असेल तर दोन्ही कंस ऋण, गुणाकार धन. क्ष ३ पेक्षा मोठा असेल तर दोन्ही धन, गुणाकार पुन्हा धन. फक्त १ आणि ३ च्या मधे दोघांचं जमत नाही, एक धन आणि एक ऋण. म्हणून उत्तर १ < क्ष < ३. चेंडू पूर्ण दोन सेकंद १५ मीटरच्या वर असतो. समीकरण आपल्याला फक्त दोन खांब दाखवतं, असमता त्या खांबांमधली जागा दाखवते. आणि कारखान्यात काम पडतं ते बहुतेक वेळा जागेशीच. शाफ्टचा व्यास नेमका अमुक इतका कधीच येत नाही, तो दोन मर्यादांच्या मधे आला की पास.

स्वतः हॅरियटने असमतेचा उपयोग कसा केला तेही बघण्यासारखं आहे. एखाद्या राशीचे दोन असमान भाग केले, तर त्या भागांचा गुणाकार हा अर्ध्या राशीच्या वर्गापेक्षा लहानच असतो, हे त्याच्या पुस्तकात सिद्ध केलंय. १० चे ५ आणि ५ केले तर गुणाकार २५. ६ आणि ४ केले तर २४, ७ आणि ३ केले तर २१. कारण एवढंच, की दोन वेगळ्या संख्यांच्या फरकाचा वर्ग नेहमी शून्यापेक्षा मोठा असतो. अशा असमता वापरून त्याने घनसमीकरणांचे प्रकार पाडले, कुठल्याला किती उकली असतील ते ठरवलं. म्हणजे समीकरण न सोडवता त्याचा स्वभाव ओळखायचा.

मेकॅनिकलवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. व्हायब्रेशनच्या पेपरात आपण डॅम्पिंगचा वर्ग वजा चार गुणिले वस्तुमान गुणिले स्प्रिंगचा कडकपणा, एवढं काढतो. उत्तर शून्यापेक्षा लहान आलं तर वस्तू हिंदकळत हिंदकळत थांबणार, मोठं आलं तर न हिंदकळता हळूहळू जागेवर येणार. बाइकचं शॉकअप आणि आपोआप बंद होणारा दरवाजा यांची जात याच एका चिन्हावर ठरते.

आता परत हॅरियटकडे. त्याचं दुर्दैव असं की त्याचे आश्रयदाते एकामागून एक तुरुंगात गेले. १६०३ मध्ये रॅले लंडनच्या टॉवरमध्ये गेला. दुसरा आश्रयदाता म्हणजे नॉर्थम्बरलंडचा अर्ल हेन्री पर्सी. त्याच्या सायन हाउसच्या आवारात हॅरियट राहायचा (आपलं मुंबईचं सायन नव्हे!). १६०५ च्या नोव्हेंबरमध्ये पार्लमेंट उडवून द्यायचा कट उघडकीला आला. कटातला एक जण या अर्लचा नातेवाईक निघाला. अर्ल पकडला गेला आणि त्याच्यामागे हॅरियटही. राजाची पत्रिका मांडल्याचा संशय त्याच्यावर होता. पुरावा काही मिळाला नाही, म्हणून काही आठवड्यांनी तो सुटला. पण नास्तिक म्हणून त्याच्याबद्दल कुजबुज आधीपासूनच होती. अशा माणसाने तोंड बंद ठेवून कागदावर आकडे मांडत बसावं, यात नवल काय? १६१८ मध्ये रॅलेचा शिरच्छेद झाला तेव्हा हॅरियट तिथे हजर होता. त्याने रॅलेच्या अखेरच्या भाषणाचे मुद्दे टिपून ठेवले.

तोपर्यंत त्याच्या स्वतःच्या नाकात व्रण झाला होता, तो कर्करोग होता. अमेरिकेतून परतल्यावर लिहिलेल्या पुस्तकात त्याने तंबाखूचं कौतुक केलं होतं आणि तो स्वतःही ओढायचा. हे वाक्य होस्टेलच्या गच्चीवर जमणाऱ्या मंडळींनी पुन्हा एकदा वाचावं. २ जुलै १६२१ रोजी तो लंडनमध्ये वारला. त्याच महिन्यात अर्ल टॉवरमधून सुटला.

मागे उरली चार हजारांहून जास्त पानं. मृत्यूच्या काही दिवस आधी केलेल्या मृत्युपत्रात त्याने टॉर्पर्ली या मित्राला ही पानं तपासून गणित छापायला सांगितलं होतं. शेवटी ते काम वॉल्टर वॉर्नरने केलं. १६३१ मध्ये लॅटिनमध्ये पुस्तक आलं आणि ‘<’, ‘>’ ही चिन्हं पहिल्यांदा छापली गेली. ‘बरोबर’च्या चिन्हानंतर ७४ वर्षांनी! पण संपादकांना ऋण आणि काल्पनिक उकली पचल्या नाहीत. हॅरियटने त्या हाताळल्या होत्या, यांनी गाळून टाकल्या. त्याच वर्षी ऑट्रेडने गुणाकाराची फुली छापली. लहान-मोठ्यासाठी त्याची चिन्हं वेगळी होती आणि बरीच वर्षं ती या चिन्हांच्या बरोबरीने चालली. पण हॅरियटची चिन्हं नुसती बघितली तरी कळतात, रुंद तोंडाकडे मोठी संख्या. शेवटी तीच टिकली. ‘लहान किंवा बरोबर’चं चिन्ह १७३४ मध्ये फ्रान्सच्या बुगेरने त्यांच्यावरूनच बनवलं.

बाकीची पानं अर्लच्या वारसांच्या घरी पडून राहिली. १७८४ मध्ये फॉन झाक नावाच्या खगोलशास्त्रज्ञाला ती सापडली, तेव्हा जगाला कळलं की हा माणूस किती पुढे होता. समीकरणांवरचं त्याचं मूळ लिखाण नीट लावून छापलं गेलं ते २००३ मध्ये. त्याला जाऊन तेव्हा ३८२ वर्षं झाली होती. तोवर अपवर्तनाचा नियम स्नेलचा झाला होता, चंद्र गॅलिलिओचा झाला होता.

हे सगळं वाचून मला आपल्या डिपार्टमेंटचं प्रोजेक्ट रिपोर्टांचं कपाट आठवलं. काळे रेक्झिन, सोनेरी अक्षरं, आणि व्हायवानंतर कुणी उघडलेलंच नाही. त्यांत चांगलं काम नाही असं अजिबात नाही. पण ज्युनिअरला ते समजावून सांगायची, पुढे सोपवायची तसदी कुणी घेत नाही आणि दर वर्षी नवी बॅच शून्यापासून सुरुवात करते. हॅरियटला गप्प बसायला सबळ कारण होतं, त्याच्या डोक्यावर टॉवरची टांगती तलवार होती. आपल्याला कोणती आहे? फार तर एक केटी!

तेव्हा मित्रांनो, काही जमलं असेल तर ते दुसऱ्याला कळेल असं लिहा, दोघांना शिकवा, सरांना दाखवा, या अंकाला द्या. आणि पुढच्या वेळी ‘<’ काढाल तेव्हा ते कुणाचं आहे एवढं शेजारच्याला सांगा. निदान बिल गेट्स तरी म्हणू देऊ नका.