चार अक्षरांच्या पलीकडे : कुर्ट हान



आयटीत काम करणाऱ्या माणसाला त्याचा रक्तगट विचारलात तर तो क्षणभर आठवायला थांबेल. पण आय-एस-टी-जे की ई-एन-एफ-पी असं विचारलंत तर उत्तर लगेच हजर! कंपनीच्या कुठल्या ना कुठल्या ट्रेनिंगमध्ये ती प्रश्नावली आपण बहुतेकांनी भरलेली असते. पार्टीत चार लोकांत मिसळता की कोपरा धरता, निर्णय डोक्याने घेता की मनाने, सुट्टीचा बेत महिनाभर आधी आखता की ऐनवेळी... आणि शेवटी हातात पडतात चार अक्षरं. आम्हा इंजिनिअर मंडळींना तर हा प्रकार फारच आवडतो. माणसाचं चक्क स्पेसिफिकेशन! एकूण सोळा खोकी, प्रत्येकाने आपापल्या खोक्यात जाऊन बसायचं.

इथपर्यंत गंमत ठीक आहे. पण पुढे टीम लीडच्या जागेसाठी नाव निघतं आणि आपणच सांगून टाकतो की नको, मी अंतर्मुख आहे, ते माझं काम नाही. घरी पाहुणे आले की पोरीसमोरच म्हणतो, ही लाजाळूच आहे हो, स्टेजवर नाही जायची. चार अक्षरं स्वतःची ओळख व्हावी म्हणून होती. त्यांचं निकालपत्र कधी झालं ते आपल्याला कळतही नाही.

म्हणून या वेळी आम्ही एका अशा माणसाची गोष्ट सांगणार आहोत, ज्याने स्वतःला ओळखण्याचा अगदी वेगळा रस्ता दाखवला. त्यांचं नाव कुर्ट हान. नाव ओळखीचं नसेल, पण त्यांचं काम आपल्या दारातच आहे : चांगी पॉइंटहून बमबोटीने दहा-एक मिनिटांवर, पुलाउ उबीनवर.

उबीनवरची शाळा

आपल्यासाठी उबीन म्हणजे भाड्याच्या सायकली, चेक जावाचा किनारा, रानडुकरं आणि नारळपाणी. एकेकाळी हे ग्रॅनाइटच्या खाणींचं बेट होतं. १८५१ मध्ये पूर्ण झालेल्या हॉर्सबर्ग दीपगृहाचा दगड इथूनच गेला. त्याच बेटावर १९६७ मध्ये आउटवर्ड बाउंड ही शाळा सुरू झाली. सिंगापूर स्वतंत्र होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि सक्तीची लष्करी सेवा त्याच वर्षी सुरू झाली होती. संरक्षण खातं सांभाळणारे गोह केंग स्वी यांनी शाळेचं उद्घाटन केलं. नव्या देशाला कणखर तरुण हवे होते, हा त्यामागचा सरळ हिशेब. १९९१ पासून ही शाळा पीपल्स असोसिएशनकडे आहे. २०१६ मध्ये सरकारने माध्यमिक तिसरीच्या मुलांसाठी पाच दिवसांच्या आउटवर्ड बाउंड मोहिमेची योजना जाहीर केली. त्यामुळे मंडळातल्या घरांमधूनही मुलं तिथे जाऊन येतात आणि हाताला वल्ह्यांचे फोड आणि अंगभर डासांच्या खुणा घेऊन परततात.

आता ही शाळा ज्यांच्या डोक्यातून निघाली, त्यांच्याकडे वळू या.

उन्हाचं वावडं असलेला मुलगा

कुर्ट हान यांचा जन्म ५ जून १८८६ चा, बर्लिनमधल्या एका सुखवस्तू ज्यू उद्योजकाच्या घरातला. अठराव्या वर्षी, म्हणजे १९०४ मध्ये, त्यांना जबर उष्माघात झाला. त्याचा त्रास आयुष्यभर पुरला. शस्त्रक्रिया झाल्या, महिनोन्‌महिने अंधाऱ्या खोलीत काढावे लागले आणि पुढे कायम रुंद काठाची टोपी घालून वावरावं लागलं. विचार करा मंडळी, जगभर लाखो मुलांना उन्हातान्हात डोंगरावर आणि समुद्रावर पाठवणारा हा माणूस स्वतः उन्हाला घाबरून राहत होता! त्या काळी कुणी त्यांना एखादी चाचणी दिली असती, तर घरात बसून पुस्तकं वाचा हाच सल्ला मिळाला असता.

शिक्षण ऑक्सफर्डला आणि जर्मनीतल्या विद्यापीठांत झालं. पहिल्या महायुद्धात त्यांनी जर्मन परराष्ट्र खात्यासाठी इंग्रजी वर्तमानपत्रं वाचून टिपणं काढायचं काम केलं. मग ते प्रिन्स माक्स फॉन बाडेन यांचे सहायक झाले. हे माक्स म्हणजे जर्मन साम्राज्याचे शेवटचे चॅन्सेलर. युद्ध हरल्यावर दोघांनी मिळून १९२० मध्ये माक्स यांच्या वाड्यातच एक शाळा काढली. गावाचं नाव सालेम. (तमिळनाडूतलं सेलम नव्हे हं, हे कॉन्स्टन्स सरोवराजवळचं!)

या शाळेचे पुढे सात नियम झाले. त्यातला पहिलाच नियम असा, की मुलांना स्वतःचा शोध घेण्याची संधी द्या. नंतरचे नियम सांगतात की त्यांना यश आणि अपयश दोन्ही चाखू द्या, दिवसात थोडा वेळ शांततेसाठी ठेवा, आणि श्रीमंत घरच्या मुलांना त्यांच्या श्रीमंतीच्या सुस्तीतून सोडवा.

सालेमचं प्रगतिपुस्तक

आमच्या मते हान यांची सगळ्यात भारी कल्पना म्हणजे सालेममधून पालकांना जाणारा अहवाल. त्यात विषयांची प्रगती खाली असायची. आधी स्वभावाच्या नोंदी : संघभावना किती आहे? न्यायाची चाड आहे का? घडलेली गोष्ट जशीच्या तशी सांगता येते का? जे पटलंय ते धोका, कंटाळा, थट्टा किंवा क्षणिक मोह आड आला तरी तडीस नेता येतं का? योजना आखता येते का? अचानक काही उपटलं तर निभावता येतं का?

म्हणजे हीसुद्धा एक व्यक्तिमत्त्व चाचणीच की! पण फरक बघा. आपल्या प्रश्नावलीत आपणच आपल्याबद्दल सांगतो. इथे मूल काय करतं ते शिक्षक वर्षभर बघतात. आपली प्रश्नावली विचारते तू कसा आहेस, सालेमचा अहवाल विचारतो तुला काय जमतं. आज जमत नसेल तर पुढच्या सहामाहीत जमेल. प्रत्येक ओळीत सुधारणेला जागा ठेवलेली.

एका पत्राची किंमत

हा अहवाल हान यांनी स्वतःलाही लावून दाखवला. ऑगस्ट १९३२ मध्ये पोटेम्पा या गावात नाझी गुंडांनी एका कम्युनिस्ट कामगाराला त्याच्या आईदेखत ठार मारलं. न्यायालयाने दोषी ठरवल्यावर हिटलरने त्या मारेकऱ्यांना जाहीर पाठिंबा दिला. हान यांनी सालेमच्या सगळ्या माजी विद्यार्थ्यांना पत्र लिहिलं, की आता एक काय ते निवडा, सालेम किंवा हिटलर. दोन्हीशी इमान ठेवता येणार नाही.

विद्यार्थ्यांची आणि पालकांची मतं तेव्हा वाटलेली होती. गप्प बसले असते तर शाळा काही काळ तरी सुरळीत चालली असती. मार्च १९३३ मध्ये, हिटलर सत्तेवर आल्यावर, हान यांना अटक झाली. ब्रिटनमधल्या मित्रांनी धावाधाव केली, पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड यांनीही शब्द टाकला, आणि त्यांची सुटका झाली. त्याच वर्षी त्यांनी देश सोडला. वय सत्तेचाळीस, हातातली शाळा गेलेली आणि मुक्काम परक्या देशात. परदेशात शून्यापासून सुरुवात म्हणजे काय हे आपल्याला वेगळं सांगायला नको. आपण निदान ऑफर लेटर घेऊन आलो!

१९३४ मध्ये त्यांनी स्कॉटलंडमध्ये गॉर्डनस्टन ही शाळा काढली. सुरुवातीच्या मोजक्या विद्यार्थ्यांत सालेमहून आलेला एक मुलगा होता, फिलिप. हेच पुढे राणी एलिझाबेथ यांचे पती झाले. १९५६ मध्ये त्यांच्या नावाने सुरू झालेली ड्यूक ऑफ एडिनबर्ग पुरस्कार योजना हीसुद्धा हान यांचीच कल्पना.

एकच युद्ध, दोन उत्तरं

दुसरं महायुद्ध सुरू झालं. ब्लू फनेल लाइन या लिव्हरपूलच्या कंपनीची जहाजं पूर्वेकडे यायची आणि सिंगापूर हे त्यांचं मोठं बंदर होतं. जर्मन पाणबुड्या अटलांटिकमध्ये जहाजं बुडवत होत्या. कंपनीच्या लॉरेन्स होल्ट यांना एक विचित्र गोष्ट जाणवली. जहाज बुडाल्यावर लाइफबोटीत तरणेबांड खलाशी आधी दगावतात आणि शिडाच्या जहाजांवर मुरलेले वयस्क खलाशी तग धरतात. ताकद तरुणांकडे जास्त होती. मग कमी काय पडत होतं? आपण यातून निभावू हा विश्वास. तो अनुभवातून येतो आणि तरुणांना तो मिळालेलाच नव्हता.

होल्ट यांच्या मदतीने हान यांनी ऑक्टोबर १९४१ मध्ये वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्ही इथे महिनाभराचा अभ्यासक्रम सुरू केला. नाव आउटवर्ड बाउंड, म्हणजे बंदर सोडून खुल्या समुद्राकडे निघालेलं जहाज. शिडाची होडी, डोंगरातली लांब चाल, बचावकार्य, आणि सगळं गटाने करायचं. आपल्याला वाटतं त्यापेक्षा आपल्यात बरंच जास्त असतं, हे प्रत्येकाला स्वतःच्या अनुभवाने कळावं एवढाच हेतू.

योगायोग असा, की त्याच सुमारास, १९४२ मध्ये, अमेरिकेत इझाबेल ब्रिग्ज मायर्स ही बाई घरी बसून प्रश्नांची यादी करत होती. त्या मानसशास्त्रज्ञ नव्हत्या, रहस्यकथा लिहायच्या. त्यांच्या आई कॅथरीन ब्रिग्ज यांनी कार्ल युंग यांच्या १९२१ च्या ग्रंथातलं अंतर्मुख-बहिर्मुख वर्गीकरण अभ्यासलं होतं. युद्धामुळे हजारो लोक नव्या कामांवर रुजू होत होते. ज्याला जे मानवेल ते काम त्याला मिळावं, ही इझाबेलबाईंची तळमळ. त्यातूनच आपली चार अक्षरं जन्माला आली.

दोघांचाही हेतू चांगलाच. एकीने म्हटलं, स्वभावाला साजेसं काम शोधा. दुसऱ्याने म्हटलं, स्वभावाला न साजेसं काम करून बघा.

मग बरोबर कोण?

हान यांच्या पद्धतीलाही मर्यादा होत्या, हे सांगायलाच हवं. फिलिप ज्या गॉर्डनस्टनमध्ये फुलले, तिथेच १९६२ पासून त्यांचा मुलगा चार्ल्स शिकायला होता. हळव्या स्वभावाच्या त्या मुलाला ती शाळा अजिबात मानवली नाही, हे जगजाहीर आहे. हान तेव्हा निवृत्त झालेले होते, पण साचा त्यांचाच होता. तेव्हा स्वभाव नावाची गोष्ट असते आणि ती विचारात न घेता सगळ्यांना एकाच पाण्यात ढकलणं हेही शहाणपणाचं नाही.

दुसरीकडे त्या चार अक्षरांचंही फार खरं मानू नये. काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली परत भरली तर कित्येकांचं एखादं अक्षर बदलतं. शंभर टक्के अंतर्मुख किंवा बहिर्मुख कुणीच नसतो असं युंग यांचंही मत होतं. आणि नोकरीवर घेण्यासाठी ही चाचणी वापरू नये, असं तिचे प्रकाशकच सांगतात. साहेबाने तुमची अक्षरं बघून तुमचं काम ठरवलं, तर हे त्यांच्या नजरेस जरूर आणून द्या.

आम्हाला यातून आपल्या भाषेत एवढं उमगलं : चार अक्षरं म्हणजे एफर्ट एस्टिमेट, स्कोप डॉक्युमेंट नव्हे. अंतर्मुख माणसाला क्लायंटसमोर प्रेझेंटेशन द्यायला जास्त तयारी लागेल, नंतर अर्धा तास एकट्याने कॉफी प्यावी लागेल. तेवढा वेळ प्लॅनमध्ये धरा. पण प्रेझेंटेशनच स्कोपच्या बाहेर ठेवू नका. दुसरं, सालेमचा अहवाल वर्षातून एकदा स्वतःसाठी लिहून बघा. अप्रेजलच्या फॉर्मपेक्षा तो जास्त खरं बोलेल! आणि तिसरं, घरात मुलांबद्दल बोलताना असाच आहे ऐवजी अजून जमत नाही असं म्हणून बघा. शब्द दोनच बदलतात, पण पोराला पुढे जायला वाट राहते.

खरं तर आपण सगळेच आउटवर्ड बाउंड. पुणं, नाशिक, सांगली, नागपूर सोडताना कुणी आपल्याला प्रश्नावली दिली नव्हती. कुकर लावता न येणारे इथे येऊन गणपतीला शंभर माणसांचा स्वयंपाक करू लागले. चारचौघांत तोंड न उघडणारे मंडळाच्या नाटकात उभे राहिले. हे आपल्या कुठल्या अक्षरांत लिहिलं होतं?

१९६२ मध्ये, पंचाहत्तरी ओलांडल्यावर, हान यांच्या कल्पनेतून वेल्समध्ये अटलांटिक कॉलेज उभं राहिलं. वेगवेगळ्या देशांच्या मुलांनी एकत्र राहून शिकायचं, म्हणजे पुढे युद्धं टळतील, ही आशा. त्यातूनच युनायटेड वर्ल्ड कॉलेजांची साखळी झाली. आपल्या सिंगापूरमधलं कॉलेज त्यातलंच आणि १९९७ मध्ये पुण्याजवळ मुळशीतल्या पौडला सुरू झालेलं महिंद्र कॉलेजही त्यातलंच. हान शेवटी जर्मनीला परतले आणि १४ डिसेंबर १९७४ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी, सालेमच्या परिसरातच त्यांनी देह ठेवला. उन्हात उभं राहता न येणाऱ्या त्या माणसाची मुलं आजही उबीनच्या किनाऱ्यावरून होड्या पाण्यात लोटत असतात.

तेव्हा मंडळी, तुमच्या घरातलं कुणी या वर्षी तिकडे जाणार असेल, तर डासांचं मलम द्या, टोपी द्या, पण जमेल का रे तुला, असं मात्र विचारू नका. आल्यावर काय जमलं ते विचारा, आणि आम्हालाही कळवा!